उंदरांची तपासणी



आज जे लिहिणार आहे ते साठ वर्षं पोटात ठेवलं होतं. घरातल्या काहीजणांना ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे. पण गेल्या महिन्यात नातीनं मला उंदरांची एक हकीकत सांगितली आणि मग राहवेना. हकीकत उंदरांची असली तरी सुरुवात एका पोस्टकार्डापासून करावी लागेल.

साल १९६३. भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच साली माझा जन्म. म्हणजे मी तेव्हा पंधरा वर्षांचा. आमचं गाव वेल्ह्याकडचं, राजगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यातलं. शिकायला मी भोरला मामाकडे असायचो. सुट्टीत गावी आलो की घरादाराची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे. आबांना सही येत होती, बाकी सगळ्यांचा अंगठा. माझं अक्षर वळणदार, त्याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या दिवाळीत आबांनी मला ओसरीवर बसवून पोस्टकार्ड पुढ्यात ठेवलं आणि मजकूर सांगितला. नाना म्हणजे माझा चुलता, मुंबईला परळमध्ये गिरणीत कामाला. ‘चिरंजीवास पहिल्या कुटुंबापासून आठ वर्षांत संतान नाही. तरी आपले पाहण्यात योग्य स्थळ असल्यास कळवावे. मुलगी धडधाकट असावी.’ मी लिहीत गेलो. थोरली काकी तिथून पाच पावलांवर, उंबऱ्याच्या आत, आंबेमोहोर पाखडत बसली होती. सुपाचा आवाज मध्येच थांबला, एवढं मला स्वच्छ आठवतं. मग पुन्हा सुरू झाला. मी खाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहिलं आणि आबांची सही घेतली.

दुसरी बायको करायला कायद्यानं १९५५ पासून सगळीकडे बंदी होती, मुंबई प्रांतात तर त्याच्याही आधी. पण आमच्या डोंगरात तो कायदा पोचायला वेळ लागला. धाकटी काकी आली तेव्हा ती अठराची होती. पुढच्या सात वर्षांत तिलाही काही झालं नाही. मग दोघी मिळून मेंगाईला नवस बोलल्या, दोघी मिळून मांढरदेवला पायी जाऊन आल्या. गावात कुणाची ओटी भरायची असली की आमच्या घरी बोलावणं यायचं, पण या दोघींना सोडून. बारशाच्या दिवशी त्या मुद्दाम लांबच्या खाचरात काम काढायच्या. गावानं निदान करून टाकलं होतं: घरात एक वांझ होती, आता दोन झाल्या.

नानाला कुणी काही विचारलं नाही. आबांनी नाही, वैद्यानं नाही, मीही नाही. दोन बायकांना एकाच नवऱ्यापासून मूल होत नाही, हे गणित चौथीतल्या पोराला सुटलं असतं. पुढे मी तीसेक वर्षं वर्गात गणित शिकवलं. हे एक उदाहरण मात्र मी कधी फळ्यावर घेतलं नाही.

यात भाषेचाही हात आहे, असं मला मराठीचा मास्तर म्हणून वाटतं. बाईला आपण ‘वांझ’ म्हणतो. पुरुषासाठी त्या तोडीचा शब्दच नाही. ‘नपुंसक’ आहे, पण तो वेगळ्या गोष्टीसाठी आणि शिवी म्हणून. मूल नसलेल्या पुरुषाला आपण ‘निपुत्रिक’ म्हणतो. शब्द नीट पाहा. वांझपण हा बाईच्या अंगातला दोष. निपुत्रिक असणं म्हणजे पुरुषाच्या पदरात काहीतरी पडायचं राहून गेलं. दोष तिचा आणि दुःख त्याचं, अशी वाटणी शब्दांनीच करून ठेवली आहे.

आमच्या भागाचा इतिहासही या शब्दापाशी अडखळलेला आहे. साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी निपुत्रिक वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण लॉर्ड डलहौसीनं तो मानला नाही आणि राज्य खालसा केलं. भोर ही साताऱ्याची जहागीर, तेव्हा पंतसचिवही इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. सचिवांच्या घराण्यातदेखील गादीला दत्तक घ्यावा लागला, तो एकदाच नव्हे. सत्तावन्नच्या बंडानंतर इंग्रजांना शहाणपण आलं आणि १८६२ साली कॅनिंगनं संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. एवढी राज्यं या प्रश्नावर राहिली आणि गेली, राजांनी राण्यांवर राण्या केल्या, पण तपासून बघावं असं कुणाला वाटलं नाही. तपासणार तरी कसं, असं कुणी म्हणेल. तर हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्यानं पुरुषाचे शुक्रजंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते १६७७ साली. शिवाजीमहाराज तेव्हा कर्नाटकाच्या मोहिमेवर होते. म्हणजे पाहण्याचं साधन सापडून तीनशे वर्षं होत आली तरी आमच्या ओसरीवर पोस्टकार्डच लिहिलं जात होतं.

आता नातीकडे वळतो. ती पुण्यात जीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. मला हसू आलं. आमचा सगळा जन्म उंदरांपासून भात वाचवण्यात गेला. शेणानं लिंपलेल्या कणग्या, माळ्यावरचे सापळे, पाळलेल्या मांजरी, सगळं त्यांच्यासाठी. संस्कृतात मूषक म्हणजेच चोरणारा. आणि ही पोरगी त्यांना वजन करून दाणे घालते! मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, “आजोबा, आमचे उंदीर वाणाचे असतात. तुमच्या आंबेमोहोरासारखे.” मग आमची गाडी रुळावर आली.

भाताचा वाण शुद्ध राहतो कारण भात बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं. उंदराचं तसं नाही, त्याला नर आणि मादी लागते. म्हणून शुद्ध वाण करायचा तर सख्ख्या भावाबहिणींचा जोड लावायचा, त्यांच्या पिल्लांतही तेच, असं लागोपाठ वीस पिढ्या. मग त्या वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे एकसारखे होतात. औषध, आहार, रोग, कशाचाही परिणाम तपासायचा तर असे एकसारखे जीव हवेत, नाहीतर फरक औषधाचा की अंगच्या गुणाचा ते कळत नाही.

या वाणांच्या मुळाशी कोण असावं? एक शाळामास्तरीण! ॲबी लॅथ्रॉप त्यांचं नाव, जन्म १८६८. काही काळ शिकवल्यावर आजारपणामुळे त्यांनी शाळा सोडली आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी कोंबड्या पाळायला घेतल्या. तो धंदा बसला. मग १९०० च्या सुमारास त्यांनी हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळायला सुरुवात केली. एका जोडीपासून सुरू झालेला पसारा पुढे अकरा हजारांवर गेला. हार्वर्डचे विल्यम कॅसल त्यांच्याकडून उंदीर नेत. बाई नुसत्या विकत नव्हत्या. कुठल्या जोडीला किती पिल्लं, कुणाच्या अंगावर गाठ आली, याच्या वह्या ठेवत. लिओ लोएब या शास्त्रज्ञाबरोबर त्यांच्या नावानं शोधनिबंधही छापून आले. त्या १९१८ साली वारल्या. कॅसलच्या हाताखाली शिकलेल्या क्लॅरेन्स लिटलनं १९०९ साली डीबीए हा पहिला शुद्ध वाण धरला होता. पुढे १९२१ साली त्यानं बाईंच्या साठ्यातल्या ५७ नंबरच्या मादीपासून काळ्या उंदरांचा सी-५७ हा वाण काढला. आज जगात सगळ्यांत जास्त वापरला जातो तो हाच. एका मास्तरणीची वह्या ठेवायची सवय कुठवर गेली, ते बघा.

पण वाण धरणं सोपं नव्हतं. भावाबहिणींचे जोड लावत गेलं की आठ-दहा पिढ्यांत बऱ्याच वेली सुकून जात. पिल्लं कमी होत, मग होतच नसत. ज्या थोड्या टिकल्या त्यांचेच वाण झाले. आणि टिकलेल्या वाणांतही नरांची प्रजननशक्ती सारखी नव्हती. एडिंबरोमध्ये बिट्टी आणि शर्मा या दोघांनी १९६० साली आठ शुद्ध वाणांच्या नरांचे शुक्रजंतू शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि वाणावाणात फरक आहे असं दाखवून दिलं. बाल्ब-सी नावाच्या पांढऱ्या वाणात डोक्याचा आकार बिघडलेले शुक्रजंतू पुष्कळ, दुसऱ्या वाणांत कमी. खाणं तेच, पिंजरा तसाच, मग फरक आला तो बापजाद्यांकडून.

१९६०! माझं पोस्टकार्ड १९६३ चं. नातीच्या तोंडून तो आकडा ऐकला तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

आणि हे काही फक्त परदेशात चाललं होतं असंही नाही. नाना राहायचा ती चाळ परळची. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा हॉस्पिटल आणि १९५२ साली डॉ. वसंतराव खानोलकरांच्या पुढाकारानं निघालेलं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र. तिथे उंदरांच्या वाणांवर काम करत होत्या डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शाळा हुजूरपागा, वडील फर्ग्युसनला जीवशास्त्राचे प्राध्यापक. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परत आल्या, देशातली पेशीसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. स्तनाचा कर्करोग आईकडून किती येतो आणि बापाकडून किती, हे त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांचे संकर करून पाहिलं. त्या केंद्राच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ नावाचा उंदरांचा एक वाणही प्रसिद्ध आहे. अन्ननलिका फुगण्याचा एक जन्मजात विकार त्या वाणात आढळतो, त्यामुळे त्या रोगाच्या अभ्यासात त्याचं नाव येतं. पुढे १९७० साली प्रजननाच्या संशोधनाची स्वतंत्र संस्थाही परळमध्येच सुरू झाली.

आता डोळ्यांसमोर आणा. परळमधल्या त्या इमारतीत एकेका पिंजऱ्यावर चिठ्ठी आहे. आई कोण, बाप कोण, जोड कधी लावला, पिल्लं किती. पिल्लं झाली नाहीत तर तीही नोंद, आणि नर बदलून पाहायचा की मादी, हा विचार. दोन्हीकडून तपास, हा तिथला साधा शिरस्ता. आणि तिथून थोड्या अंतरावरच्या गिरणीत आमचा नाना साच्यावर उभा, त्याच्या दोन बायका वेल्ह्याच्या खोऱ्यात आवणीला वाकलेल्या, आणि तपास फक्त त्यांचाच. तोही देवऋषाकडून.

नातीनं सांगितलेली पुढची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटली. प्रागमध्ये यिर्जी फोरेय्ट आणि पावोल इवानी या दोघांनी आसपासचे रानटी घरउंदीर पकडून प्रयोगशाळेतल्या वाणांशी त्यांचा संकर केला. १९७४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. सी-५७ घराण्यातल्या एका वाणाशी संकर केला तर होणारे नर वांझ निघत. (हो, वांझ. मी हा शब्द मुद्दाम नराला वापरतो आहे.) दिसायला धडधाकट, अंगानं भरलेले, पण शुक्रजंतूच तयार होत नाहीत. तसल्याच उंदरांचा सी-३-एच या दुसऱ्या वाणाशी संकर केला तर नरांना व्यवस्थित पिल्लं होत. आणि दोन्हीकडच्या माद्यांना काहीच अडचण नाही! रानटी बाप धड, प्रयोगशाळेतली आई धड, बहिणी धड. भाऊ तेवढा वांझ.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली असा नियम मांडलाच होता की दूरच्या कुळांच्या संकरात ज्या लिंगाची गुणसूत्रं बेजोड असतात, त्यालाच आधी फटका बसतो. उंदरात आणि माणसात बेजोड जोडी नराची, एक्स आणि वाय. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

प्रागमधल्या त्या वांझपणाला कारणीभूत असलेलं जनुक सापडायला २००९ साल उजाडलं. त्याचं नाव पीआरडीएम-९. मला समजलं ते असं: शुक्रजंतू तयार होताना आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी येऊन एकमेकांशी जुळावं लागतं. दोन हजेरीपट शेजारी ठेवून नावं जुळवताना मास्तर जशा पेन्सिलीनं खुणा करतो, तशा खुणा कुठे करायच्या ते हे जनुक ठरवतं. दोन कुळं लाखो वर्षं वेगळी राहिली की एकाच्या खुणा दुसऱ्याच्या पटावर लागू पडत नाहीत. जुळणी होत नाही आणि काम अर्ध्यावर बंद पडतं. २०१६ साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी तर कमाल केली. उंदराच्या त्या जनुकातला खुणा ओळखणारा तुकडा काढून माणसाचा तुकडा बसवला, आणि एरवी वांझ निघाले असते त्या नरांना पिल्लं झाली!

आणखी एक. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी आठ वाण एकत्र करून त्यांतून शेकडो नवे वाण काढायचं मोठं काम हाती घेतलं. ‘कोलॅबरेटिव्ह क्रॉस’ त्याचं नाव. अमेरिका, इस्राएल आणि ऑस्ट्रेलिया, तीन ठिकाणी काम चाललं. त्या आठांत वेगवेगळ्या उपजातींचे उंदीर होते, आपल्याकडच्या घरांत फिरतो त्या कॅस्टेनियस उपजातीचाही एक. बहुतेक वेली मध्येच संपल्या. का संपल्या याचा हिशोब २०१७ साली छापून आला. जवळजवळ निम्म्या वेली नर वांझ निघाल्यामुळे बुडाल्या होत्या. निम्म्या!

नातीला मी विचारलं, “मग पहिल्यापासून सगळे नरच तपासत होते का?” ती हसली. उंदराचा संपूर्ण जनुकनकाशा प्रथम छापला गेला २००२ साली, सी-५७ वाणाचा. त्यासाठी घेतली होती मादी! तांत्रिक कारण होतं, मादीत एक्सची जोडी असल्यामुळे वाचन सगळीकडे सारखं होतं. पण मादी घेतल्यामुळे नराचं वाय गुणसूत्र वाचायचंच राहिलं. ते नीट वाचून व्हायला २०१४ उजाडलं. मी म्हटलं, हे आमच्या घरासारखंच झालं.

वाण असे वेगळे की त्यांचे शुक्रजंतू गोठवून ठेवतानाही फरक पडतो. १९९० च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांना उंदराचे शुक्रजंतू गोठवणं जमलं. डीबीए वाणाचे वितळवल्यावर पुन्हा कामाला लागत, सी-५७ चे मात्र बहुतांश फुकट जात. तोच काळा उंदीर, जो जगभर वापरतात! मग कुणी त्या उंदराला नावं ठेवली का? नाही. गोठवायची पद्धत सुधारली. २००८ पर्यंत तोही प्रश्न पुष्कळसा सुटला. मला हा फरक मोलाचा वाटतो. तिथे अडचण आली की कारण शोधतात, आपल्याकडे अडचण आली की अपराधी शोधतात.

आता थोडं सावधपणे. माणूस म्हणजे उंदीर नव्हे. प्रागच्या प्रयोगावरून कुणी ‘म्हणूनच जातीबाहेर लग्न नको’ असा अर्थ काढील तर तो साफ चूक आहे. ती उंदरांची कुळं काही लाख वर्षं एकमेकांपासून लांब वाढलेली. माणसं सगळी एकाच मांडवातली. उलट जवळच्या नात्यात जोड लावत गेलं की वेली सुकतात, हाच या वाणांचा पहिला धडा. पुरुषाच्या वंध्यत्वाची कारणंही नुसती आनुवंशिक नसतात. वयात आल्यावर झालेले गालगुंड, फुगलेल्या शिरा, जुने संसर्ग, अशी बरीच असतात. पण जन्मजात कारणंही आहेतच. १९७६ साली इटलीतल्या दोघा शास्त्रज्ञांना असे पुरुष आढळले की ज्यांच्या वाय गुणसूत्राचा एक भाग गळालेला होता आणि शुक्रजंतू होतच नव्हते. बाकी तब्येत ठणठणीत. हैदराबादच्या संशोधकांनी पुढे आपल्याकडच्या पुरुषांतही असे तुकडे गळालेले दाखवले. एकंदर पाहता, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बरोबरीनं असतं, असं डॉक्टर सांगतात. उंदरांतही निम्मं, माणसांतही निम्मं. दोन्ही निम्म्यांची कारणं वेगळी असतील, पण मला तो आकडा काही डोक्यातून जाईना.

नानाला काय झालं होतं, ते आता कळणार नाही. मी त्याला दोष देत नाही. धिप्पाड, कामसू, मायाळू माणूस. १९८२ च्या संपानंतर तो गावी परतला तो कायमचा. माझ्या धाकट्या भावाला त्यानं दत्तक घेतलं, खाचरं त्याच्या नावावर केली. आपल्यात काही कमी असेल अशी शंका त्याला कधी आली असेल का? आली असेल तर ती बोलायला त्याच्यापाशी शब्द नव्हता, हे मात्र खरं. वांझ हा शब्द बाईला जाळतो आणि तो शब्दच नसणं पुरुषाला मुकं करतं.

थोरली काकी १९९८ साली गेली. शेवटची काही वर्षं दोघी जावा-जावांसारख्या, नव्हे, बहिणींसारख्या राहिल्या. एकीला ताप आला की दुसरी जेवायची नाही. त्या पोस्टकार्डाबद्दल मी थोरल्या काकीशी कधी बोललो नाही. ती गेल्यावर सूप मी मागून घेतलं. ते माझ्याकडे आहे, त्यात कुणी काही पाखडत नाही.

धाकटी काकी आता ऐंशीच्या घरात आहे. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. गेल्या पंधरवड्यात गावी गेलो, तिच्या खाटेशी बसलो आणि तिला ही सगळी उंदरांची हकीकत सांगितली. प्राग-बिग वगळून, सोपी करून. परळचं मात्र सांगितलं. कार्डाचंही सांगितलं, की अक्षर माझं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजी परळात उंदरांची तपासणी होत व्हती, अन् आमच्या धन्याची न्हाई झाली.”

मी मान हलवली.

“थोरलीला सांगायला पायजे व्हतं रं तू,” ती म्हणाली. “ती जाताना बी मला म्हणली, माझ्या पायी तुझ्या जल्माचं वाटोळं झालं.”

यावर मी काय बोलणार? कार्डाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. उठताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला, एवढंच. चहा झाला आणि मी संध्याकाळच्या एसटीनं भोरला आलो.

हे सगळं लिहिलं ते आपल्या घरातल्या पोरांसाठी. तुमच्यात लग्न होऊन चार वर्षं झालेली, बारशाला जायचं टाळणारी जोडपी आहेत, हे मला दिसतं. सुनेला दवाखान्यांच्या फेऱ्या घालायला लावण्याआधी मुलाची तपासणी करा. ती सोपी असते, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. काही निघालं तर उपाय पाहता येतात, दत्तकाची वाट तर आपल्या घराला चांगली माहीत आहे. आणि काही निघालंच, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? काळ्या उंदराला कुणी लाजवलं नाही.

असो. पुढच्या वेळी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो. आंबेमोहोराच्या वासाबद्दल लिहायचं राहूनच गेलं आहे.